वरचा अर्धा मिलिमीटर

लग्नाच्या पंगतीत ताट पुढ्यात आलं की आधी त्याच्या कडेवरून नख फिरवून बघणारा माणूस तुमच्या नात्यात असेल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊकच आहे. नसेल, तर आमचे साडू बघा. घरात त्यांना अण्णा म्हणतात, कॉलेजात सर, आणि सोसायटीत त्यांच्या पाठीमागे नुसतं ‘मॅग्नेशियम’. जमात धातुशास्त्राची. पण धातुशास्त्रातही पोटजाती असतात. भट्टीवाले मोठ्यानं बोलतात, कारण आयुष्यभर भट्टीच्या आवाजावर आवाज चढवलेला असतो. अण्णा पृष्ठभागवाले. त्यांचा आवाज बारीक, आणि कुठल्याही वस्तूच्या आत काय आहे यात त्यांना फारसा रस नाही. “आतलं ठणठणीत असतं हो,” ते म्हणतात, “सगळी भानगड वरच्या अर्ध्या मिलिमीटरात.”

बाह्यरंगाला भुलू नये, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. या माणसानं बाह्यरंगावर पीएच.डी. केली, आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. विषयाचं पूर्ण नाव विचारलंत तर ‘मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर लेसरनं करायची पृष्ठप्रक्रिया’. विचारू नका, हा माझा सल्ला.

खांद्याला शबनम. शबनममध्ये प्लॅस्टिकची पिशवी, त्या पिशवीत जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला धातूचा एक ठोकळा. नवा माणूस भेटला, मग तो जावई असो की गॅसवाला, की ठोकळा बाहेर येतो. “उचला.” एवढंच. समोरच्यानं तो उचलायचा आणि “अरे, किती हलका!” असं म्हणायचं. म्हणेपर्यंत सुटका नाही. म्हटलं की अण्णा खुलतात. लोखंडाची घनता ७.८७, अॅल्युमिनियमची २.७०, आणि आमच्या मॅग्नेशियमची १.७४. पोलादाच्या पावपटीहून कमी, अॅल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश. रचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूंत इतका हलका दुसरा नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव येतो की ठोकळा त्यांच्या पोटचा आहे आणि दहावीला बोर्डात आलाय.

आणि मग, पोटच्या पोराबद्दलच बोलावं तसं, आवाज खाली आणून सांगतात, “फक्त जपावं लागतं.” हवा बाधते, घाम बाधतो, खारं पाणी तर अजिबात चालत नाही. रचनेच्या धातूंमध्ये सगळ्यात आधी झिजायला तयार असलेला हा धातू. त्याच्यावर ऑक्साइडचा थर येतो, पण तो थर खालच्या धातूपेक्षा कमी जागा व्यापतो, म्हणजे पुरत नाही, मधे फटी राहतात आणि ओल आत शिरते. अॅल्युमिनियमचं ऑक्साइड अंगभर बसतं आणि निवांत होतं. या फरकाबद्दल अण्णांच्या मनात अॅल्युमिनियमविषयी एक बारीक राग आहे. ‘सुखवस्तू धातू’ म्हणतात ते त्याला.

म्हणूनच त्यांना सिलिका जेलच्या पुड्या लागतात. बुटांच्या खोक्यातल्या, औषधाच्या बाटल्यांतल्या, नव्या पर्समधल्या, ‘खाऊ नये’ असं लिहिलेल्या त्या पांढऱ्या पुड्या आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे अण्णांसाठी बाजूला पडतात. भाऊबिजेला त्यांची एक बहीण ओवाळणीच्या बदल्यात पुड्यांचं पाकीट देते. हे मी विनोदानं म्हणत नाही, ती खरंच देते, आणि ते खरंच मोजून घेतात.

बोलण्यातले त्यांचे ठरलेले शब्द तीन. पहिला ‘पॅरामीटर’. पोळी करपली, “पॅरामीटर चुकले.” भाचा नापास झाला, “पॅरामीटर बघायला हवेत.” ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझी मोठी मेव्हणी, एकदा म्हणाल्या, “अहो, तवा आहे तो, लेसर नाही.” त्यावर अण्णांनी तव्यावर उलथणं किती वेगानं फिरवायला हवं याचा हिशेब सुरू केला आणि दुसरीही पोळी करपली. दुसरा शब्द ‘रिप्रोड्युसिबल’. कुणाच्या हातची आमटी चांगली झाली की ते जेवण संपल्यावर शांतपणे विचारतात, “परत अशीच होईल का?” गृहिणीला तो टोमणा वाटतो. तिसरं वाक्य सगळ्यात घातक: “एका सॅम्पलवरून निष्कर्ष काढू नये, किमान तीन घ्यावेत.” हे त्यांनी पुतणीला बघायला आलेल्या पहिल्याच मुलासमोर, कांदेपोह्यांची बशी हातात असताना, अगदी निर्मळ मनानं म्हटलं होतं.

आता लेसरचं सांगतो. सांगितल्याशिवाय हा माणूस कळत नाही, आणि त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीही आता विद्यार्थ्यांना शिकवू शकेन.

लोकांना वाटतं लेसर म्हणजे कापायचं हत्यार. अण्णांचा लेसर कापत नाही. तो धातूच्या अंगावरून सरकतो. त्याच्याखालची पातळ पट्टी वितळते, आणि किरण पुढे गेला की खालचा थंड धातू ती सगळी उष्णता ओढून घेतो. निवण्याचा वेग सेकंदाला लाखो अंशांच्या घरात. इतक्या घाईत थिजल्यामुळे ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिककण, बारीक राहतात. एझेड ९१ नावाचा मिश्रधातू घ्या, नऊ टक्के अॅल्युमिनियम, एक टक्का जस्त. साध्या ओतकामात त्यातलं बरंचसं अॅल्युमिनियम मॅग्नेशियमशी वेगळी चूल मांडून जाडजूड जाळं करून बसतं, आणि त्या जाळ्याच्या शेजारचा धातू आधी झिजतो. लेसरनंतर अॅल्युमिनियमला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. ते जाळं बारीक होतं, बरंचसं अॅल्युमिनियम मूळ धातूतच विरघळलेलं राहतं, आणि झीज मंदावते. शिवाय त्या वितळलेल्या थरात हवी ती पूड सोडता येते, अॅल्युमिनियमची, सिलिकॉन कार्बाइडची. मग वरचा थर आणखी टणक होतो आणि आतला हलका तो हलकाच राहतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण मॅग्नेशियम वितळतं ६५० अंशांना आणि उकळतं १०९० ला. लेसरचा जोर कमी पडला तर नीट वितळत नाही, जरा जास्त झाला तर वाफ होऊन उडून जातं आणि मागे पांढरी काजळी. मधला पट्टा चारशे चाळीस अंशांचा. त्या पट्ट्यात या माणसाची हयात गेली.

भरीस भर, वितळलेलं मॅग्नेशियम हवेत ठेवलं तर पेटतं, म्हणून वरून सतत आरगॉन वायूचा झोत. अण्णांच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत कुठेही न छापलेलं सत्य असं, की निम्मे प्रयोग सिलिंडर मधेच संपल्यामुळे फसतात. “आरगॉन पुरेल का?” हा प्रश्न अण्णा आजही सवयीनं, मंगल कार्यालयात श्रीखंड बघून विचारतात.

किरणाची एक पट्टी झाली की शेजारी दुसरी, पहिलीवर थोडी चढलेली. हे मला समजावताना अण्णा कागदावर आकृत्या काढत होते. ताई चहा ओतता ओतता म्हणाल्या, “म्हणजे अंगण सारवणं. हाताचा एक फराटा दुसऱ्यावर अर्धा चढवायचा, नाहीतर मधे कोरडी रेघ राहते.” अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना गेली कित्येक वर्षं पन्नास टक्के ओव्हरलॅप समजावून सांगायला याहून चांगलं काही सापडलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक व्याख्यानात सारवण आलं, आणि ‘आमच्या मंडळींच्या सौजन्यानं’ असंही आलं. ताईंना मात्र त्यांनी घरी येऊन सांगितलं की चढवलेल्या जागी आधीची पट्टी पुन्हा तापते, आणि झीज बरेचदा तिथूनच सुरू होते. “मग सारवायचं तरी कशाला?” ताई म्हणाल्या. या प्रश्नावर एक विद्यार्थी पीएच.डी. करून गेला.

दरवर्षी १६ मे रोजी अण्णा सोसायटीत पेढे वाटतात. १९६० साली त्या तारखेला थिओडोर मेमननं माणकाच्या कांडीतून पहिला लेसर पेटवला. वॉचमनला वाटतं साहेबांचा वाढदिवस, तो “जुग जुग जियो” म्हणतो. अण्णा मेमनच्या वतीनं हात जोडतात.

स्वतःचा लेसर मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हता. तो नेहमी दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या संस्थेत, आणि आपला नंबर चार महिन्यांनी. मग नमुने घासायची तयारी. एमरी पेपर आधी भरड, मग बारीक, मग आणखी बारीक, प्रत्येक वेळी नमुना काटकोनात फिरवून, आधीच्या रेघा जाईपर्यंत. शेवटचं पॉलिश पाण्यानं नाही, अल्कोहोलनं, कारण पाण्यानं या राजपुत्राला डाग पडतात. अण्णा माणसं याच्यावरून पारखतात. “मुलगा हुशार आहे, पण सहाशे नंबरच्या पेपरनंतर घाई करतो,” हे त्यांचं एका विद्यार्थ्याबद्दलचं पूर्ण शिफारसपत्र होतं. त्याला नोकरी लागली. नोकरी देणारा बहुधा त्याच जमातीचा असणार.

नमुने स्टीलच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीनं जायचं. विमानानं एकदाच गेले. तपासणीवाल्यानं डबा उघडला आणि विचारलं, हे काय? मॅग्नेशियम. पेटतं का? इथे कुणीही शहाणा माणूस ‘नाही’ म्हणाला असता. अण्णा खरं बोलणारे. “तसं बघितलं तर,” त्यांनी सुरुवात केली, “ठोकळा सहजी पेटत नाही, उष्णता आत पसरते. पण कीस किंवा पूड असेल तर...” विमान गेलं.

आगीबद्दल ते विनोद करत नाहीत. मॅग्नेशियमच्या किसाला लागलेल्या आगीवर पाणी ओतलं तर हायड्रोजन सुटून ती भडकते. कार्बन डायऑक्साइडमध्येही ते जळत राहतं. त्याला कोरडी वाळू हवी, नाहीतर धातूंच्या आगीसाठीची खास पावडर. सोसायटीत आग विझवायचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा सगळ्यांनी गॅस, शॉर्टसर्किट वगैरे विचारलं. अण्णांनी विचारलं, “मॅग्नेशियम पेटलं तर?” प्रशिक्षक म्हणाला, “ते इथे कुणाकडे असणार?” सगळ्यांच्या माना दुसऱ्या मजल्याकडे वळल्या. तेव्हापासून प्रत्येक जिन्याखाली लाल बादलीत वाळू आहे. तिचा उपयोग पोरं किल्ल्यासाठी आणि मांजरं त्यांच्या कामासाठी करतात. अण्णा दर महिन्याला ती चाळतात.

लॉकडाऊनमध्ये कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून प्रयोग जेवणाच्या टेबलावर आला. काचपात्रात साडेतीन टक्के मिठाचं पाणी, त्यात नमुना, त्याच्यावर उलटं नरसाळं आणि नरसाळ्यावर उलटी ब्युरेट. धातू झिजला की हायड्रोजनचे बुडबुडे वर जातात, ब्युरेटमधलं पाणी खाली जातं. एक मिलिलिटर वायू म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम धातू गेला. हिशेब इतका सरळ की ताईसुद्धा आमटी वाढता वाढता आकडा सांगायच्या. अण्णा रात्री तीनचा गजर लावून उठत. शेजारच्या नववीतल्या मुलाला दुपारच्या रीडिंगची पाळी दिली होती. मुलाच्या आईनं आधी कौतुक केलं. मग तो व्हिडिओ कॉलच्या वर्गातून उठून “काकू, बुडबुडा अडकलाय!” असं ओरडत धावला, तेव्हा ते कौतुक ओसरलं.

आमची सासुरवाडी वेंगुर्ल्याची. समुद्र जवळ, हवेत मीठ. बाकीचे जावई तिथे मासे खायला जातात. अण्णांनी तिथे ‘वातावरणीय चाचणी’ लावली. मागीलदारी, रातांब्याच्या झाडापासून विहिरीच्या रहाटापर्यंत नायलॉनची दोरी, तिला टांगलेल्या बारा चकत्या, सहा लेसर केलेल्या, सहा कोऱ्या. वर्षभर हात लावायचा नाही, असं बजावून ते परतले. सासूबाईंनी तो काहीतरी तोडगा समजून दोरीच्या दोन्ही टोकांना लिंबू-मिरची बांधली. इथवर ठीक होतं. पण वर्षानं जावई येणार म्हणून घर झाडून झालं, तांब्यापितळेची भांडी घासून झाली, आणि मागीलदारी बघतात तर जावयाच्या चकत्यांवर पांढरे-करडे डाग! आम्ही पोहोचलो तेव्हा सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, “जावयबापू, तुमच्यो त्यो चकत्यो मियां चिंचेन घासून लख्ख केलंय. काय फेस इलो म्हणान सांगू!”

चिंच. म्हणजे आम्ल. आणि फेस म्हणजे हायड्रोजन. वर्षभराची मेहनत विहिरीच्या पाटातून माडाच्या मुळाशी गेली होती. मी अण्णांकडे बघायचं टाळलं. अण्णा खाली बसले, एकेक चकती उजेडात धरली, आणि मग त्यांनी सासूबाईंना विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही. “आई, फेस सगळ्यांना सारखाच आला का हो? की काहींना कमी?” सासूबाई विचार करून म्हणाल्या, “काय चकत्यांक कमी इलो.” कोणत्या, ते त्यांनी एकेक करून दाखवलं. अण्णांनी वही काढून नोंद केली. सहापैकी पाच बरोबर निघाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं.

रस्त्यातही सुख नाही. जुनी फोक्सवॅगन बीटल दिसली की हे थांबतात आणि मालकाला सांगतात, “तुमच्या गाडीत वीसेक किलो मॅग्नेशियम आहे, माहितीये?” इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कवचात ते असायचं, हे खरंच. पण एका मालकानं त्यांना भंगारवाला समजून भाव विचारला. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी फोटोग्राफरला गाठलं. “बॉडी मॅग्नेशियमची ना?” त्या बिचाऱ्याला इतक्या लग्नांत असं कुणी विचारलंच नव्हतं. तो हरखला. मग अण्णांनी त्याला सांगितलं की तुमचे आजोबा-पणजोबा फोटोसाठी मॅग्नेशियमची पूड जाळून उजेड पाडायचे, आणि आज तुम्ही तेच हातात धरून उभे आहात. दोघंही हळवे झाले. आमच्या अल्बममध्ये अंतरपाट धरलेला फोटो आहे, आणि त्यानंतर थेट लक्ष्मीपूजनाचा. अक्षता पडल्या तो क्षण मॅग्नेशियमनं खाल्ला.

दैवतं असतातच. हम्फ्री डेव्हीनं १८०८ साली हा धातू वेगळा काढला, तो पहिला. पण ओठांवर असतात ते खरगपूरचे ज्योत्स्ना दत्ता मजुमदार आणि इंद्रनील मन्ना. २००३ साली त्यांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर एमईझेड या मिश्रधातूचा पृष्ठभाग लेसरनं वितळवून दाखवला, आणि विकर्स कठिणता ३५ वरून ८५ ते १०० वर नेली. “पस्तीसवरून शंभर!” अण्णा हे अशा आवाजात सांगतात की शेजारच्या टेबलावरचा माणूस गुणांविषयी समजून त्या मुलाच्या क्लासचं नाव विचारतो.

गेल्या पावसाळ्यात ते गच्चीवरच्या शेवाळावर घसरले. लोखंडी कठडा आतून पोखरला आहे का, हे टिचकी मारून बघत होते. डाव्या मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टर तरुण, घाईतले. प्लेट बसवावी लागेल म्हणाले. “कसली?” टायटेनियमची. “कुठला ग्रेड?” डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

पुढचं मी त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून ऐकलं. अण्णांनी वेदनेत, पण क्रमवार, सांगायला घेतलं. १९०७ साली लांबोत नावाच्या बेल्जियन सर्जननं पायाचं मोडलेलं हाड मॅग्नेशियमच्या प्लेटनं जोडलं, पण खिळे वापरले पोलादाचे. दोन वेगळे धातू, मधे शरीरातलं खारं पाणी, म्हणजे आयतीच बॅटरी. आठ दिवसांत प्लेट विरघळली आणि कातडीखाली वायू भरला. “म्हणून सगळ्यांनी नाद सोडला. पण दोष धातूचा नव्हता हो, जोडीदाराचा होता.” आता युरोपात २०१३ पासून मॅग्नेशियमचे स्क्रू मिळतात. हाड जुळेपर्यंत धरून ठेवतात आणि मग आपले आपण शरीरात जिरतात. पुन्हा शस्त्रक्रिया नको. प्रश्न एवढाच, की त्याला घाई करू द्यायची नाही. त्यासाठीच वरचा थर... आणि मोडक्या हातानं ते लेसर कसा सरकतो ते दाखवायला लागले. डॉक्टरांनी भूल देणाऱ्या बाईंकडे बघितलं.

हात जुळला. टाके काढताना डॉक्टर सहज म्हणून गेले की प्लेट टोचायला लागली तर वर्ष-दीड वर्षानं काढून टाकू. ताई दचकल्या, “म्हणजे पुन्हा चिरायचं?” अण्णा काहीच बोलले नाहीत. फक्त खुर्चीत जरा ताठ बसले आणि डॉक्टरांकडे बघत राहिले. तो तरुण थोडा वेळ एक्सरे बघत राहिला, मग म्हणाला, “सर, आमच्या अस्थितज्ज्ञांची दर महिन्याला बैठक असते. वीस मिनिटं बोलाल?”

त्याला दीड महिना झाला. अण्णांच्या स्लाइड एकशे बारा झाल्या आहेत. बैठक जेवणाआधी आहे, असं ताईंनी दोनदा सांगून बघितलं. परवा मी गेलो तेव्हा ते चाळिसाव्या स्लाइडवर होते, आणि अजून १८०८ सालच चाललं होतं.